टाइमकीपरचा समुद्र

आमच्या शेजारच्या दारावर अधूनमधून एक पत्र्याची पाटी लटकायची. काळ्या रंगावर पांढरी अक्षरं, 'आज अर्धी सुट्टी', आणि खाली खडूनं लिहिलेला एक नंबर. लग्न होऊन मी सोलापुरात आले, त्याच आठवड्यात ती पाटी पहिल्यांदा पाहिली. नंबर होता अकरा. मला वाटलं, शेजारी डॉक्टर राहत असतील; अकरा पेशंट तपासले आणि दवाखाना बंद केला. मला नव्या पाण्यानं खोकला झालेला. दुपारी पदर सावरत गेले आणि कडी वाजवली.

दार उघडलं ते एका उंच, काटकुळ्या, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेल्या माणसानं. त्याच्या हातात खुरपं होतं आणि खुरप्याला ओली माती.

"नंबर अकरा गेला," तो म्हणाला. "आत्ताच पुरलं. चौकशी झाली. तुम्ही कोण?"

मी कोण ते सांगायला थांबलेच नाही. चपला तिथंच टाकून घरात आले आणि आतून कडी लावली. सासूबाई जोंधळे निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोट धरून हसल्या.

"अगं बया, पळतीस कशापायी? मासा मेला आसंल त्येचा!"

तर हे आमचे अण्णा. मल्लप्पा तोळणुरे. एकतीस वर्षं गिरणीच्या फाटकावर टाइमकीपर होते. भोंगा झाला की एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात मस्टर घेऊन उभे राहायचे, आणि भोंग्यानंतर आलेल्याला आत सोडायचे नाहीत. कुणी हातापाया पडलं, बायको बाळंत होतीये म्हणून सांगितलं, तरी त्यांचं एकच वाक्य: "भोंग्याला माफी न्हाई." एकदा त्यांचा सख्खा साडू दोन मिनिटं उशिरा आला. त्यालाही परत धाडलं. साडूनं त्यानंतर त्यांच्या घराची पायरी चढली नाही. अण्णा म्हणायचे, "न्हाई चढला तर न्हाई. दोन मिनिटं म्हंजे दोन मिनिटं."

गिरणीतल्या माणसांना ते किती आवडत असतील ते सांगायला नको. निवृत्त झाले त्या दिवशी साहेबांनी हार घातला, फोटो काढला, आणि कामगार? भोंगा होताच सगळे फाटकातून घरी गेले. एक माणूस थांबला नाही. हे मला अण्णांनीच सांगितलं, आणि तेही तक्रार म्हणून नाही, कौतुकानं. "वेळेवर सुटले, बाई. एक मिनिट इकडं न्हाई का तिकडं न्हाई. शिस्त लागली होती."

मी शाळेत मास्तरीण, म्हणून मी 'बाई'. आमचे हे रेल्वेत गार्ड, म्हणून ते 'गार्डसाहेब'. आणि सासूबाई अण्णांहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या, म्हणून 'अक्का'. अण्णांची बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. तर अशा या सड्याफटिंग, शाकाहारी, रोज पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणाऱ्या माणसाच्या खोलीत काय असावं? दोन फुटी काचेची पेटी, तिच्यात समुद्राचं पाणी, आणि पाण्यात जिवंत मासे.

गोड्या पाण्यातले लाल मासे मी पाहिले होते. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असायचे ते. पण हे होते खाऱ्या पाण्यातले, आणि समुद्र सोलापूरपासून किती लांब आहे हे मी नकाशावर पोरींना रोज दाखवत होते. मला नाक खुपसायची सवय आहे, ती मी कधी लपवली नाही. तिसऱ्याच दिवशी चपला आणायच्या निमित्तानं गेले आणि तासभर बसले.

पाण्याची वाट अशी होती. मुंबईला एक गार्ड होते, त्यांचं घर समुद्राजवळ. ते भरतीच्या वेळी दोन प्लास्टिकचे कॅन भरून घ्यायचे आणि आपल्या गाडीतून पुण्याला आणायचे. पुण्यात आमचे हे ते कॅन ताब्यात घ्यायचे आणि ब्रेकव्हॅनमधून सोलापूरला आणायचे. मासे आले तर ते डब्यातून यायचे, झाकणाला भोकं पाडलेली. रात्रभर डबा मांडीवर धरून यांनी प्रवास केलेला आहे. मला माहेराहून आणताना माझी ट्रंक यांनी हमालाकडं दिली होती, ते मी विसरलेले नाही.

"पण पत्र्याच्या डब्यात पाणी आणायचं न्हाई," अण्णा मला बजावत होते, जणू मी उद्याच मुंबईला निघाले होते. "गंज उतरतो. नंबर एक ते चार त्यानंच गेले."

माशांना नावं नव्हती. नंबर होते. गिरणीत कामगाराला पितळी बिल्ला मिळायचा, तसा माशाला नंबर, आणि तो मस्टरमध्ये चढवायचा. काळ्या पुठ्ठ्याचं जुनं मस्टर निवृत्तीच्या वेळी त्यांनी मागून आणलेलं. सकाळी सातचा भोंगा आणि दुपारी तीनचा भोंगा, दोन वेळा पेटीसमोर स्टूल टाकून हजेरी. "सात नंबर... हजर. नऊ नंबर... अरे दगडाआडून बाहेर ये की, दिसू दे. हं, हजर."

आणि कुणी मेला की चौकशी.

ही चौकशी बघण्यासारखी असायची. अण्णा धुतलेला सदरा घालून बसायचे. मेलेला मासा बशीत. समोर मस्टर, त्यात 'कारण' नावाचा रकाना. आणि सुरुवात नेहमी एकाच शब्दानं व्हायची. घरी ते कानडी बोलायचे, त्यामुळं पहिला शब्द कानडी यायचा आणि मागोमाग आमच्यासाठी मराठी.

"याके? का? का गेला?"

मग साक्षीदार. यांना विचारायचे, "गार्डसाहेब, दौंडला गाडी किती मिनिटं थांबली? डबा उन्हात होता का सावलीत?" खालच्या खोलीतल्या वायरमनला विचारायचे, "लाइट किती वाजता गेली?" कारण हवेचे बुडबुडे सोडणारं छोटं यंत्र विजेवर चालायचं, आणि सोलापूरच्या विजेचा भरवसा सोलापूरकरांनी कधी धरला नाही. मलाही एकदा बोलावणं आलं. मी आदल्या दिवशी खोलीत उदबत्ती लावली होती का? लावली होती. मी कबूल केलं. माझी उलटतपासणी वीस मिनिटं चालली.

शेवटी कारण लिहिलं जायचं. मस्टर मी नंतर वाचून काढलं आहे. 'नंबर पाच. वीज गेली, चाळीस मिनिटे.' 'नंबर आठ. पेटीबाहेर उडी. कामाची जागा सोडली. स्वतःची चूक.' 'नंबर तेरा. नंबर बाराने छळले. बारास ताकीद दिली.' आणि जिथं चूक अण्णांची, तिथं लाल शाई. 'नंबर दहा. हाताला साबण होता. टाइमकीपरची चूक.' नंबर दहाच्या वेळी ते दिवसभर जेवले नाहीत, हे मला सासूबाईंनी सांगितलं. नोंद लिहून झाली की मासा सदाफुलीच्या कुंडीत पुरायचा, पाटी लावायची, आणि अर्धी सुट्टी. गिरणीत कामगार वारला की त्याच्या खात्याला अर्धी सुट्टी मिळायची, तसं. सुट्टीत काय करायचे? काही नाही. खुर्चीत बसून राहायचे.

मेला हा शब्द ते वापरत नव्हते, रडत नव्हते, देवाला बोल लावत नव्हते. कारण सापडलं की त्यांचा जीव थंड व्हायचा. मला त्याचं फार नवल वाटायचं. माणूस गेला की आपण म्हणतो, भोग सरला, देवाची इच्छा. अण्णा म्हणायचे, "देवाची इच्छा हा रकाना मस्टरमध्ये न्हाई."

आता एक अडचण होती. मासे खातात काय? वाळवलेला जवळा कुटून. आणि अण्णा जवळ्याला हात लावत नसत. गळ्यात लिंग. मग जवळ्याची बरणी आमच्या फळीवर, आणि दोन्ही भोंग्यांना चिमूटभर जवळा घेऊन आमच्या सासूबाई शेजारी जायच्या. पेटीत टाकायच्या, मासे तुटून पडायचे, आणि त्या पदरानं हात पुसत पुसत दारात दहा मिनिटं उभ्या राहायच्या. करमाळ्याकडच्या त्या, जन्म शेतात गेलेला. तोंडानं फटकळ, पण मुक्या जनावरापुढं एकदम पाघळायच्या.

मी एकदा अण्णांना गाठलंच. "जवळ्याला हात लावत नाही, आणि मेलेला मासा हातानं उचलून पुरता ते कसं?"

"तो कामगार, बाई," अण्णा शांतपणे म्हणाले. "जवळा म्हंजे सामान."



पण खरा प्रश्न राहिलाच होता. समुद्रच का? तलावातले मासे आणा, विहिरीतले आणा, ते मरत तरी नाहीत इतके. मी हा प्रश्न बरेच दिवस पोटात ठेवला, म्हणजे माझ्या मानानं बरेच, चारएक दिवस. मग विचारला.

अण्णांनी सांगितलं ते असं. निवृत्त झाल्यावर ते जन्मात एकदाच मुंबईला गेले होते. समुद्र बघायला गेले. लोक म्हणाले, केवढा मोठा, केवढा मोठा. अण्णांना मोठेपणाचं काही वाटलं नाही. त्यांना वाटली भीती.

"फाटक न्हाई, बाई," ते म्हणाले. "एवढा मोठा कारखाना, आणि फाटक न्हाई. आत किती, भाईर किती, कुणाला पत्ता न्हाई. एखादा आत गेला आणि परत आलाच न्हाई, तर कुणी विचारतं का? याके न्हाई आला? का न्हाई आला? कुणी म्हणजे कुणी न्हाई." मग हसले. "म्हटलं, सगळ्यांची आपल्याच्यानं होणार न्हाई. दोन-चारांची तरी नोंद ठेवावी."

"आणि तुमची नोंद कोण ठेवतं?" मी थट्टेनं विचारलं. मला काय ठाऊक.

"आमची कशाला?" अण्णा म्हणाले. "आमी फाटकाच्या भाईरचे."

अठरा नंबर मस्टरवर चढले, त्यातले बहुतेक गेलेही. मग आला एकोणीस.

नखाएवढा होता तेव्हा. अंग निळंशार, शेपटी पिवळी. आमच्या यांनी डबा उघडला तेव्हा तो तळाशी आडवा होता आणि अण्णांनी पाटीवर खडू फिरवायलाही घेतला होता. पण एकोणीस उठला. आठवड्यात दगडाखालची जागा बळकावली, बाकीच्यांना हुसकलं, आणि महिन्याभरात असा माजला की भोंगा झाला रे झाला की काचेशी येऊन उभा. खरं सांगते, भोंग्याला. सासूबाईंचं लुगडं दिसायच्या आधी.

"बघा, बाई," अण्णा मला हाक मारून दाखवायचे. "एकतीस वर्षांत असा कामगार बघितला न्हाई."

बाकीचे एकेक करून गेले, कारणं लागली, एकोणीस राहिला. गिरणीत नवा माणूस बदली म्हणून लागतो आणि सलग हजेरी भरली की परमनंट होतो. अण्णांनी तोच नियम माशांना लावला होता, आणि तोवर एकाही माशानं तो पुरा केला नव्हता. एकोणीसनं केला. आठ महिने सलग. अण्णांनी त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. 'कशाबद्दल?' म्हणून लोक विचारायचे आणि ते ताठ मानेनं सांगायचे, "एकोणीस परमनंट झाला." लोक पेढा तोंडात टाकून गालात हसायचे. पण पेढा परत कुणी दिला नाही.

तोवर बहात्तरचा दुष्काळ आमच्या दारात येऊन बसला होता.

सोलापूरला उन्हाळा नवा नाही, पण ते वर्ष वेगळंच. नळ चार-चार दिवसांनी यायचा, तोही अर्धा तास. टँकर आला की अख्खी चाळ कळश्या घेऊन धावायची, आणि एरवी एकमेकींच्या वेण्या घालणाऱ्या बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. टँकरच्या पाण्याला औषधाचा असा वास यायचा की चहा दवाखान्यात प्यायल्यासारखा वाटायचा. आमच्या घरात पाण्याची वाटणी ठरलेली. सासूबाईंची पिण्याची कळशी वेगळी, तांब्याची, त्यांना मामानं लग्नात दिलेली. तिच्यावर नाव कोरलेलं होतं, 'चि. काशीस मामाकडून.' त्यांना त्या कळशीतलंच पाणी गोड लागायचं.

आणि अशा गावात अण्णांच्या ओट्यावर समुद्राचे दोन कॅन! एका सकाळी ते दोन्ही गायब. चोरी पाण्याची होती, म्हणून कुणी पोलिसात जायचंही सुचवलं नाही. दुसऱ्या दिवशी कॅन परत जागेवर, एक भरलेला, एक अर्धा. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या खोलीतून डाळ फेकून दिल्याचा आवाज आणि नवरा-बायकोचं भांडण सगळ्यांनी ऐकलं. अण्णांनी चौकशी केली नाही. म्हणाले, "ज्याची शिक्षा त्यानं स्वतःच शिजवून खाल्ली."

पण उन्हानं पेटीतलं पाणी आटायला लागलं. पाणी आटतं, मीठ आटत नाही, म्हणून पेटी दिवसेंदिवस जास्त खारट व्हायची. गिरणीच्या रंगखात्यातून आणलेली एक काचेची नळी अण्णांकडं होती. पाण्यात सोडली की उभी तरंगायची. लाल खुणेपर्यंत बुडाली तर पाणी समुद्राएवढं खारं. खूण वर आली की अण्णा आपल्या पिण्याच्या पाण्यातली एक वाटी, दोन दिवस उघड्यावर ठेवून वास घालवलेली, पेटीत हळूच ओतायचे. रोज एक वाटी. मी त्यांना चूळ भरायला पाणी जपून वापरताना पाहिलं आहे, पण वाटी चुकली नाही.

सासूबाईही रोज ती वाटी बघत होत्या.

मुंबईहून त्या महिन्यात कॅन आले नाहीत. तिकडच्या गार्डांची ड्यूटी बदलली होती. दर आठवड्याला थोडं घाण पाणी काढून टाकावंच लागायचं, आणि जागी घालायला समुद्राचं पाणी उरलं नव्हतं, म्हणून पेटी अर्ध्यावर आली. आणि नेमकं तेव्हाच अक्कलकोटला अण्णांच्या धाकट्या बहिणीच्या नातवाचं बारसं निघालं. अण्णा जायला तयार नव्हते. आम्हीच ढकललं. मी जास्त ढकललं. मासे आणल्यापासून घराबाहेर रात्र काढली नाही, बहीण काय म्हणेल? शेवटी निघाले. निघताना सासूबाईंना तीनदा बजावलं: दोन भोंग्यांना चिमूटभर जवळा, एक वाटी पाणी, बाकी कशाला हात न्हाई.

"व्हय व्हय, जावा तुमी," सासूबाई म्हणाल्या. "माज्या नातवावाणी संबाळते."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, तोंड सुकलेलं, पण चेहऱ्यावर समाधान.

"आज पोटभर पाजलं बग त्येला," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"एकोणीसला गं. किती दिस झालं बगतीया, अण्णा बापडा आपल्यातली वाटी काडून देतुया त्येला. खाऱ्या पाण्यात जलम काडायचा आनि प्यायला वाटीभर? मुका जीव, मागनार कुटनं? तहान वाटीनं भागती व्हय? माजी कळशी वतली सगळी."

 मी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवते, विज्ञान नाही, पण खाऱ्या पाण्यातला मासा गोड्या पाण्यात जगत नाही, एवढं मलाही कळत होतं. धावत गेले. पेटी वरपर्यंत भरलेली, औषधाचा वास येत होता, आणि एकोणीस तळाशी कुशीवर पडून कल्ले हलवत होता. मला काय करावं सुचेना. घरात आले, मिठाच्या बरणीत हात घातला, मूठभर खडेमीठ नेऊन पेटीत टाकलं. किती टाकायचं असतं, कसं टाकायचं असतं, देव जाणे. मी तिथं उभी राहून अक्षरशः हात जोडले.

सकाळी सातचा भोंगा झाला. एकोणीस काचेशी आला नाही.

सासूबाईंनी चिमूट तशीच परत आणली. "उन्हानं गेला आसंल," मी म्हणाले. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, आणि मी भांडी घासायला घेतली.

अण्णा दुपारी आले. पिशवीत आमच्यासाठी बारशाच्या घुगऱ्या. पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मी त्यांच्या मागं दारात. मग त्यांनी धुतलेला सदरा घातला, स्टूल घेतलं, मस्टर उघडलं. "याके?" एवढंच म्हणाले. या खेपेला मराठी आलं नाही.

नळी सोडली. लाल खूण दोन बोटं पाण्याखाली गेली. अण्णांनी पाण्यात बोट घालून जिभेला लावलं. वास घेतला. तळाकडं वाकून बघितलं. आणि मग खाली, पेटीच्या पायाशी, सासूबाई विसरून गेलेली ती तांब्याची कळशी त्यांना दिसली. उचलली. वरचं नाव वाचलं. मी गच्च डोळे मिटले. एकतीस वर्षांत कुणाला दोन मिनिटं सोडली नाहीत त्यांनी, साडूला सोडलं नाही, मला उदबत्तीसाठी सोडलं नाही. आता काय होणार?

तेवढ्यात सासूबाई माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या.  "अण्णा, माज्या हातनं काय चुकलं का वो?"

अण्णांनी कळशी पेटीआड सरकवली आणि वळले.

"न्हाई, अक्का. त्याची मुदत भरली होती. परमनंट झालेला माणूस, कधीतरी जाणारच की."

मुदत! हा रकाना मस्टरमध्ये होता कुठं? सासूबाई पदर तोंडाला लावून घरी गेल्या. मी थांबले. मला खरं सांगायचं होतं, माझ्या मिठासकट. तोंड उघडलं तसा अण्णांनी हात वर केला.

"नोंद झाली, बाई."

मी पुढं होऊन मस्टरमध्ये डोकावले. लाल शाई अजून ओली होती. 'नंबर एकोणीस. परमनंट. कारण: टाइमकीपर दोन दिवस गैरहजर.'

"अण्णा, हे खोटं आहे."

"खडेमीठ तळाशी हाय अजून," अण्णा म्हणाले. "तुमचंबी कळलं मला." आणि किंचित हसले.

मला रडूच आलं. "याके, अण्णा?" मी त्यांचाच शब्द त्यांना विचारला. "का?"

त्यांनी पेन बंद केलं. 

"नळाला चार दिवस झाले," ते म्हणाले. "त्या बाईनं आपली तहान दिली त्याला. ती कुठल्या रकान्यात लिहू, सांगा की. रकानाच न्हाई."

त्या दिवशी पाटी लागली. सदाफुलीच्या कुंडीत आणखी एक खळगा झाला. अण्णा खुर्चीत बसून राहिले, आणि अर्धी सुट्टी संध्याकाळपर्यंत चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. उघडलं तर माणूस नाही. उंबऱ्याशी ती कळशी. चिंचेनं घासून लखलखीत केलेली, आणि काठोकाठ भरलेली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. आपण चार दाणे साखरेचे घालतो, एखादं लिंबू घालतो. त्या उन्हाळ्यात अण्णांनी पाणी घातलं होतं, त्यांच्या वाट्याचं. औषधाचा वाससुद्धा गेलेला होता त्या पाण्याचा.

सासूबाई कळशीपाशी खाली बसल्या. कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं. आपण ती कुठं विसरलो होतो ते त्यांना आठवलं असणार, कारण डोळ्यांना पदर लावून त्या कितीतरी वेळ तशाच बसल्या. मी काही विचारलं नाही. नाक खुपसायची सवय असली तरी काही वेळा कळतं मला.

तेवढ्यात सातचा भोंगा झाला.

सासूबाई उठल्या. सवयीनं जवळ्याच्या बरणीकडं हात गेला, मग थांबला. बरणी तशीच ठेवून त्या रिकाम्या हातानं शेजारी निघाल्या. मला वाटलं, विसरल्या, म्हणून मी मागोमाग गेले. आत पेटी रिकामी. बुडबुडे बंद. अण्णा स्टुलावर मांडीवर मस्टर घेऊन बसलेले, कुणाची हजेरी घ्यायची ते न कळल्यासारखे.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अण्णा! हाईत का?"

अण्णांनी वर बघितलं. आधी त्यांना काही समजलं नाही. मग समजलं. ते स्टुलावरून उठले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ताठ उभे राहिले.

"हजर," ते म्हणाले.

तीनच्या भोंग्याला सासूबाई परत गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या. पुढं कॅन आले, वीस नंबर आला, गेला, एकवीस आला. पण सासूबाई आधी दारातून माणसाची हजेरी घ्यायच्या आणि मग माशाला जवळा घालायच्या. त्या गेल्यावर ते काम माझ्याकडं आलं. मी एकदा शाळेच्या गडबडीत दोन मिनिटं उशिरा गेले, तर अण्णा दारातच घड्याळ घेऊन उभे होते.